बायबल आणि समलैंगिकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं ख्रिस्ती पालकांसाठी, पाळकांसाठी, बायबल अभ्यासगट चालवणाऱ्यांसाठी आणि या प्रश्नाचं ओझं एकट्यानं वाहणाऱ्या तरुणांसाठी आहेत. मंडळ्यांमध्ये या विषयावर खरे, प्रामाणिक मतभेद आहेत. आम्ही ते लपवलेले नाहीत. जिथे एखादा युक्तिवाद कच्चा वाटला, तिथे तो कोणत्या बाजूचा आहे हे न पाहता तसं स्पष्ट लिहिलं आहे. वाचताना बायबल उघडं ठेवा.

बायबलमध्ये याबद्दल नेमकी किती वचनं आहेत?

एकतीस हजारांहून अधिक वचनांपैकी पुढे केले जाणारे उतारे सहा-सातच आहेत : उत्पत्ति १९:१-११, लेवीय १८:२२ व २०:१३, रोमकरांस १:२६-२७, १ करिंथकरांस ६:९-१०, १ तीमथ्य १:९-१० आणि यहूदा ७. सदोमच्या गोष्टीसारखीच एक गोष्ट शास्ते १९ मध्ये आहे, तीही सोबत वाचावी. स्त्रियांचा उल्लेख फक्त रोमकरांस १:२६ मध्ये येतो.

वचनं थोडी, म्हणून विषय किरकोळ, असं म्हणता येत नाही. थोडक्यात सांगितलेली गोष्टही महत्त्वाची असू शकते. पण ही सहा-सात वचनं तोंडपाठ असणाऱ्या माणसाला सावकारी, मजुरी आणि गरिबांच्या न्यायाबद्दलची कितीतरी अधिक वचनं आठवत नसतील, तर त्यानं स्वतःचं वाचन तपासावं.

मूळ भाषेत ‘समलैंगिक’ हा शब्द आहे का?

नाही. हिब्रू आणि ग्रीक मजकुरात कृतींचे उल्लेख आहेत. माणसाचा स्थायी लैंगिक कल दाखवणारा शब्द नाही. हा आधुनिक शब्द कार्ल-मारिया केर्टबेनी यांनी १८६९ मध्ये जर्मन भाषेत छापला. इंग्रजी बायबलात तो पहिल्यांदा आला १९४६ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनमध्ये. तिथे १ करिंथकरांस ६:९ मधल्या दोन वेगळ्या ग्रीक शब्दांसाठी हा एकच शब्द घातला गेला. परिणामी, ब्रह्मचारी राहणारा पण कलानं समलिंगी असलेला माणूसही त्या यादीत ओढला गेला. हे पत्र लिहिणाऱ्या पौलानं तर कृतीबद्दल लिहिलं होतं. १९७१ च्या आवृत्तीत हा शब्द बदलला.

‘१९४६ पर्यंत बायबलात याविरुद्ध काहीच नव्हतं’ असं समाजमाध्यमांवर फिरतं, तेही चूक आहे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरातही या दोन शब्दांचा अर्थ निषेधाचाच आहे. १९४६ मध्ये बदलली ती निषेधाची व्याप्ती.

सदोमचं पाप कोणतं?

उत्पत्ति १९ मध्ये लोटाच्या घरी दोन पाहुणे उतरतात. गावातले पुरुष घराला वेढा घालतात आणि पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात. लोट त्यांच्याऐवजी स्वतःच्या दोन मुली द्यायला निघतो. हा सामूहिक बलात्काराचा प्रयत्न आहे. शास्ते १९ मध्ये गिबा गावात हाच प्रसंग पुन्हा घडतो, आणि तिथे पाहुण्याच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होऊन ती दाराच्या उंबऱ्यावर मरून पडते. त्या अध्यायावरून कुणी स्त्री-पुरुष संबंधांना पाप ठरवत नाही.

यहेज्केल १६:४९ सदोमचं पाप नाव घेऊन सांगतो : गर्व, भरपूर अन्न, निवांत सुख, आणि दीनदुबळ्यांना हात न देणं. मत्तय १०:१४-१५ मध्ये येशू सदोमचं नाव घेतो ते शिष्यांना घरात न घेणाऱ्या गावांसंदर्भात. उलट बाजूनं दोन मुद्दे मांडले जातात. यहेज्केल पुढच्याच वचनात ‘अमंगळ’ हा शब्द वापरतो, आणि यहूदा ७ मध्ये ‘परक्या देहाच्या’ मागे लागण्याचा उल्लेख आहे. पण गोष्टीतले पाहुणे देवदूत आहेत, त्यामुळे ‘परका देह’ म्हणजे पुरुषदेह असं छातीठोक सांगता येत नाही. आमचं मत : स्वेच्छेनं एकत्र राहणाऱ्या दोन माणसांबद्दल बोलताना हा उतारा वापरू नये. पारंपरिक भूमिका मानणारे, म्हणजे समलिंगी संबंध पाप मानणारे, बरेच अभ्यासकही आता तो वापरत नाहीत.

लेवीय १८:२२ आजही लागू होतं का?

या प्रश्नावर दोन्ही बाजू घाईनं बोलतात.

आशय असा : स्त्रीशी निजतात तसं पुरुषाशी निजू नये, ते ‘तोएवा’ आहे. मराठीत याला ‘अमंगळ’ म्हणतात. हाच हिब्रू शब्द निषिद्ध प्राण्यांच्या मांसासाठी (अनुवाद १४:३) आणि व्यापाऱ्याच्या खोट्या तागडीसाठी (नीतिसूत्रे ११:१) येतो. उत्पत्ति ४३:३२ मध्ये इब्र्यांसोबत जेवणं मिसरी लोकांना ‘तोएवा’ वाटतं. म्हणजे शब्द जड आहे, पण नुसत्या शब्दावरून पाप किती मोठं ते ठरत नाही.

‘लेवीयात मना असलेलं दोन धाग्यांचं कापड मग का घालता, शिंपले का खाता?’ हा प्रतिप्रश्न टाळ्या मिळवतो, पण अपुरा आहे. त्याच अठराव्या अध्यायात जवळच्या नात्यातला संबंध आणि पशुगमनही निषिद्ध आहे, आणि ते निषेध ख्रिस्ती लोक आजही पाळतात. दुसरीकडे, त्याच अध्यायातलं एकोणिसावं वचन पाळीच्या काळातला संबंध निषिद्ध ठरवतं, त्यावर मात्र सहसा प्रवचन होत नाही. आणि २०:१३ मधली शिक्षा देहदंडाची आहे. निषेध आजचा आणि शिक्षा कालची, असं का, याचं उत्तर वचन फेकणाऱ्यानं द्यायला हवं.

खरा प्रश्न असा : मोशेच्या नियमशास्त्रातलं काय नव्या करारानं कायम ठेवलं आणि काय सोडलं? पारंपरिक वाचन म्हणतं, पौलानं हा निषेध पुढे नेला. समावेशक वाचन, म्हणजे निष्ठेच्या समलिंगी संबंधांना मंडळीत जागा देणारं वाचन, म्हणतं, त्या निषेधामागे वंशवृद्धी, पुरुषाचा मान आणि शेजारच्या राष्ट्रांपासून वेगळेपण होतं, आणि ती चौकट आता उरलेली नाही. म्हणून लेवीयवर वाद घालून काहीच ठरत नाही. निकाल पौलाच्या पत्रांत लागतो.

पौलाचे ते दोन ग्रीक शब्द कोणते? त्यावर इतका वाद का?

१ करिंथकरांस ६:९ मध्ये ‘मलाकोय’ आणि ‘आर्सेनोकोइताय’ हे शब्द एकापाठोपाठ येतात.

‘मलाकोस’ म्हणजे मऊ. मत्तय ११:८ मध्ये राजवाड्यातल्या लोकांच्या तलम वस्त्रांसाठी हाच शब्द आहे. माणसाबद्दल वापरला की त्याचा अर्थ ऐषारामी, नाजूक, भित्रा इथपासून ते पुरुषसंबंधात ग्रहण करणारा, इथपर्यंत जातो. अर्थ संदर्भावर ठरतो.

दुसरा शब्द पौलाआधीच्या उपलब्ध ग्रीक साहित्यात सापडत नाही. त्याची फोड करून पाहा. ‘आर्सेन’ म्हणजे पुरुष, ‘कोइते’ म्हणजे शेज. आता लेवीय २०:१३ चं जुनं ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट, घ्या : ‘मेता आर्सेनोस कोइतेन ग्युनाइकोस’, म्हणजे ‘पुरुषाबरोबर स्त्रीची शेज’. दोन्ही तुकडे तिथे शेजारी-शेजारी बसले आहेत. पौल हे भाषांतर वापरत असे. म्हणून हा जोडशब्द लेवीयवरून घडला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पारंपरिक बाजूचा हा सर्वांत भक्कम भाषिक पुरावा आहे आणि तो उडवून लावणं प्रामाणिकपणाचं नाही.

समावेशक बाजूचं म्हणणं असं की शब्द कसा घडला यावरून तो काय सांगतो हे पूर्ण कळत नाही. १ तीमथ्य १:१० मध्ये हाच शब्द माणसं पळवून विकणाऱ्यांच्या शेजारी बसतो. रोमन जगात मालक गुलामांना आणि प्रौढ पुरुष किशोरांना वापरत, आणि ते राजरोस चाले. पौलाच्या डोळ्यांसमोर हेच होतं, आयुष्यभराची निष्ठा देणारं जोडपं नव्हतं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं या शब्दासाठी ‘मुलांना नासवणारे’ अशा अर्थाचा जर्मन शब्द योजला होता. या बाजूची अडचण ही की शब्दात ‘मुलगा’ नाही, ‘पुरुष’ आहे.

मराठी वाचकानं एक काम जरूर करावं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर (१९२४) आणि बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ शेजारी ठेवून हे वचन वाचावं. दोन ग्रीक शब्दांना दोन मराठी शब्द आहेत की एकच, हे पाहावं. भाषांतरकाराचा निर्णय कुठे सुरू होतो ते आपल्या डोळ्यांना दिसतं.

रोमकरांस पहिला अध्याय तर अगदी स्पष्ट आहे ना?

इतर उताऱ्यांपेक्षा स्पष्ट आहे. पौल इथे पुरुष आणि स्त्री दोघांबद्दल बोलतो, परस्परांच्या वासनेबद्दल बोलतो. म्हणून ‘हे फक्त गुलामांच्या शोषणाबद्दल आहे’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. तो ‘पारा फ्युसिन’ म्हणजे ‘निसर्गाविरुद्ध’ असा शब्दप्रयोग करतो, आणि मागे उत्पत्तीतली निर्मितीची गोष्ट ऐकू येते.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. ‘निसर्ग’ हा शब्द पौल सैलपणे वापरतो : १ करिंथकरांस ११:१४ मध्ये पुरुषानं लांब केस ठेवू नयेत हेही ‘निसर्गच’ शिकवतो, आणि रोमकरांस ११:२४ मध्ये देव स्वतः रानजैतुनाची फांदी ‘निसर्गाविरुद्ध’ चांगल्या झाडावर कलम करतो. दुसरी गोष्ट वाचनाच्या पद्धतीची. लोक २७ व्या वचनावर थांबतात. पुढे २९ ते ३१ मध्ये लोभ, हेवा, चहाडी, आईबापांची अवज्ञा अशी लांबलचक यादी आहे. आणि दुसऱ्या अध्यायाचं पहिलंच वचन ऐकणाऱ्यावर उलटतं : दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या माणसा, तुला सबब नाही, कारण तूही तेच करतोस. पौलानं अध्याय पाडले नव्हते, ती सोय फार नंतरची. त्याचं पत्र ऐकणाऱ्याला मध्ये थांबायला जागाच नव्हती.

येशू याबद्दल काय म्हणाला?

थेट काही नाही. मत्तय १९:४-६ मध्ये तो विवाहाबद्दल बोलताना नर-नारीच्या निर्मितीचा आधार देतो. पारंपरिक बाजू याला पायाभूत वचन मानते. मात्र त्याला विचारलेला प्रश्न घटस्फोटाचा होता. तिथेच बाराव्या वचनात जन्मतः षंढ, माणसांनी केलेले षंढ आणि स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःहून तसे झालेले, अशी तीन प्रकारची माणसं तो नोंदवतो आणि कुणालाही दोष देत नाही. ‘येशू गप्प आहे म्हणजे संमती आहे’ हेही टिकत नाही. ज्या यहुदी श्रोत्यांशी तो बोलत होता, त्यांच्यात या मुद्द्यावर वादच नव्हता.

दावीद-योनाथान किंवा रूथ-नामी हे जोडपं होतं का?

मजकूर तसं सांगत नाही. २ शमुवेल १:२६ मधला दाविदाचा विलाप अत्यंत उत्कट आहे, पण तो मैत्रीच्या कराराचा विलाप म्हणून पूर्ण समजतो. रूथचे शब्द सासूला उद्देशून आहेत. समावेशक बाजूकडे याहून सरस वचनं आहेत. नियमशास्त्रानं (अनुवाद २३:१) मंडळीबाहेर ठेवलेल्या षंढाला यशया ५६:३-५ मध्ये देव आपल्या घरात ‘पुत्र व कन्या यांच्याहून उत्तम’ नाव देतो. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये फिलिप्प तशाच एका कूशी षंढाचा रस्त्यातल्या पाण्यात बाप्तिस्मा करतो. आणि कृत्ये १० ते १५ मध्ये सुंता न झालेल्यांवर पवित्र आत्मा उतरलेला पाहून मंडळी शास्त्र नव्यानं वाचते.

मग जाणकारांमध्ये मतभेद नेमका कुठे आहे?

एकेका शब्दावर कमी, आणि निर्मितीच्या अर्थावर जास्त. उत्पत्ति १:२७ आणि २:२४ मधली नर-नारी जोडी विवाहासाठी अटळ आहे, की तिथला गाभा ‘मनुष्यानं एकटं असावं हे बरं नाही’ हा आहे? नव्या करारानुसार देहसंबंधाचा अर्थ फक्त स्त्री-पुरुष विवाहात पुरा होतो, की निष्ठेचा करार जिथे आहे तिथे होतो?

अमेरिकन नव्या कराराचे अभ्यासक रिचर्ड हेज यांनी १९९६ मध्ये पारंपरिक भूमिकेची भक्कम मांडणी केली आणि २०२४ मध्ये ती जाहीरपणे मागे घेतली. उताऱ्यांच्या अर्थाबद्दल त्यांचं मत फारसं बदललं नव्हतं. देवाची दया बायबलभर कशी रुंदावत जाते, याबद्दलचं बदललं. रॉबर्ट गॅग्नॉन यांच्यासारखे अभ्यासक आजही ठामपणे विरुद्ध आहेत. तिसरा गट अशा समलिंगी ख्रिस्ती माणसांचा आहे जी आपला कल मोकळेपणानं सांगतात आणि श्रद्धेपोटी ब्रह्मचर्य पाळतात. त्यांना मंडळीनं घर, पंगत आणि सोबत दिली पाहिजे. नुसतं ‘एकटे राहा’ सांगून मोकळं होणं हे पारंपरिक भूमिकेच्याच विरुद्ध आहे.

कोणती मंडळी काय मानते?

कॅथलिक : १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३५७ ते २३५९ या परिच्छेदांत कृती अमान्य, पण माणसाला आदर, करुणा व संवेदनशीलतेनं वागवावं आणि अन्यायी भेदभाव टाळावा, असं आहे. कल असणं हे पाप मानलेलं नाही. ऑर्थोडॉक्स पंथ ठामपणे विरोधात आहेत.

अँग्लिकन : १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेनं, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेनं, ५२६ विरुद्ध ७० मतांनी पारंपरिक ठराव केला, २००३ मध्ये अमेरिकेत उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन बिशप झाल्यावर फूट रुंदावली. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना होतात, विवाह नाही. युनायटेड मेथडिस्ट चर्चनं १९७२ पासूनचं निषेधाचं वाक्य २०२४ मध्ये काढलं. त्याआधी अमेरिकेतल्या सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या होत्या. स्वीडनचं ल्यूथरन चर्च २००९ पासून विवाह लावतं.

भारतात कोणताही मोठा पंथ समलिंगी विवाह लावत नाही. पण सूर एकच नाही. २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू झालं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानण्यास विरोध केला, विवाहाला मात्र मान्यता दिली नाही. त्याच खटल्यांत काही ख्रिस्ती संघटना कलम टिकावं म्हणून न्यायालयात उभ्या होत्या. नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियानं लैंगिक विविधतेवर मंडळ्यांमध्ये संवाद चालवला आहे.

कॅथलिक धर्मगुरू समलिंगी जोडप्याला आशीर्वाद देऊ शकतात का?

व्हॅटिकनच्या १८ डिसेंबर २०२३ च्या ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ या घोषणेनुसार उत्स्फूर्त, उपासनाविधीबाहेरचा आशीर्वाद देता येतो. ठरलेला मजकूर नाही, लग्नाचा पोशाख वा विधी नाही, नागरी विवाहाच्या समारंभाला जोडून नाही. पुढच्या महिन्यातल्या खुलाशात तो दहा-पंधरा सेकंदांचा असतो असंही सांगितलं. आफ्रिकेतल्या बिशपांनी सामूहिकपणे तो न देण्याचं ठरवलं. त्यामुळे फादरना आधी खासगीत विचारा. चारचौघांत मागणी केली तर नकार आणि अपमान दोन्ही पदरी पडू शकतात.

मुलानं किंवा मुलीनं घरी सांगितलं, तर पहिल्या दिवशी काय करावं?

ऐका, जेवायला वाढा, आणि ‘तू आमचाच आहेस’ हे शब्दांत बोला. त्या दिवशी वचन वाचू नका. त्यानं किंवा तिनं ती सगळी बहुधा आधीच एकट्यानं वाचलेली असतात. कुणाकुणाला सांगायचं हे मुलाला ठरवू द्या. मामा, काकू, प्रार्थनागट, कुणालाही परस्पर ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सांगू नका. अशीच बातमी गावभर होते.

गुप्ततेबाबत नेमका फरक माहीत हवा. कॅथलिक पापनिवेदनात सांगितलेलं धर्मगुरू कुणालाही, कोणत्याही कारणानं सांगू शकत नाही. मोडल्यास त्याच्यावर आपोआप बहिष्कार येतो. पण पॅरिशच्या ऑफिसात खुर्चीवर बसून केलेल्या गप्पांना हे कुलूप नाही. प्रोटेस्टंट पाळकांशी बोलताना आधीच विचारा : ‘हे तुमच्यापाशीच राहील का? पंचांना सांगाल का?’ उत्तर ऐकून मग पुढे बोला.

लग्न लावून दिलं की सगळं ठीक होतं का?

नाही. यात दुसऱ्या घरातल्या एका निरपराध माणसाचं आयुष्य पणाला लागतं, आणि बहुतेकदा ती मुलगी असते. पारंपरिक शिकवण मानणाऱ्यांनीही हे करू नये, कारण ख्रिस्ती विवाह खऱ्या, मोकळ्या संमतीवर उभा असतो.

कॅथलिक धर्मविधीशास्त्रात नियम ११०३ नुसार सक्तीनं किंवा गंभीर भीतीपोटी दिलेली संमती विवाह अवैध ठरवते. नियम १०९८ नुसार सहजीवन गंभीरपणे बिघडवेल असा गुण संमती मिळवण्यासाठी लपवणं, हेही तसंच. विवाहापूर्वी दोघांची चौकशी होते. फादरना एकटं भेटून ‘माझी संमती नाही’ असं सांगितलं, तर त्यांना पुढे जाता येत नाही. तेवढं एक वाक्य पुरतं.

लग्न झालंच असेल तर एक चूक हमखास होते. धर्मप्रांताच्या न्यायमंडळानं विवाह रद्दबातल ठरवला म्हणजे कायद्यानंही मोकळे झालो, असं लोक समजतात. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली न्यायालयाचा हुकूमनामा वेगळा घ्यावा लागतो. तो न घेता दुसरं लग्न केल्यास द्विविवाहाचा गुन्हा होतो. गोव्यात विवाहाचा कायदा निराळा आहे, तिथल्या वकिलाचाच सल्ला घ्या.

प्रार्थना, उपास किंवा उपचार यांनी कल बदलतो का?

हा दावा करणारी सर्वांत मोठी ख्रिस्ती संस्था, एक्सोडस इंटरनॅशनल, १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतात २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे ‘उपचार’ म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

भूत काढण्याच्या प्रार्थना आणि सक्तीचे उपास यांतून घडतं ते असं : बदल होत नाही, मग ‘तुझा विश्वास कमी’ म्हणतात, मग त्या मुलाला देवही नकोसा होतो आणि स्वतःचा जीवही. जीव देण्याची भाषा ऐकू आली तर थांबू नका. त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो.

भारतात कायदा काय म्हणतो?

६ सप्टेंबर २०१८ पासून प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. समलिंगी असल्यावरून कुणी पोलिसांत देण्याची धमकी देत असेल, तर ती निव्वळ धमकी आहे. पैसे मागितले तर ती खंडणी, आणि तक्रार तुम्हीच करू शकता.

अभ्यासगटात हा विषय घ्यायचा तर कसा घ्यावा?

दीड-दीड तासाच्या चार बैठका ठेवा. एका बैठकीत सगळं आटोपायला गेलं की भांडण होतं. आठ-दहा माणसांहून मोठा गट नको. पहिल्यांदा रोमकरांस, मग लेवीय, मग करिंथकरांस, आणि शेवटी यशया ५६ व कृत्ये ८ ते १५. सदोमपासून सुरुवात करू नका. ती गोष्ट बलात्काराची आहे आणि चर्चा तिथेच बिघडते.

गटात कुणीतरी समलिंगी आहे, किंवा कुणाचं तरी मूल आहे, असं धरूनच बोला. ते तुम्हाला कळलेलं नसेल एवढंच. ‘ते लोक’ हा शब्द बैठकीत वापरायचा नाही, हा नियम आधी सांगा. पहिल्या बैठकीला रोमकरांस पत्राचे पहिले तीन अध्याय एकानं सलग, मोठ्यानं वाचावेत. साधारण पंधरा मिनिटं लागतात. मध्ये कुणी थांबवू नये, विशेषतः पहिल्या अध्यायाच्या शेवटी.